जुना कन्सोल, मोजके पैसे : घेण्याजोगे गेम कसे निवडावेत

घरात जुना प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे, चालूही आहे, पण त्यासाठी आता गेम कोणते घ्यावेत आणि त्यांना किती पैसे द्यावेत, असे मंडळात वरचेवर विचारले जाते. पूर्वी हा प्रश्न शाळकरी मुले विचारत. आता विचारणाऱ्यांत आजी-आजोबाच जास्त असतात. सुट्टीत पुण्याहून, इंदूरहून नातवंडे येतात, दोन दिवसांत किल्ला आणि जयविलास पाहून होतो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कपाटातला तो काळा डबा बाहेर निघतो. पाटणकर बाजार, दौलतगंज, चिटणीसांची गोठ, जनकगंज या भागांतल्या आपल्या घरांपैकी कितीतरी घरांत असा डबा क्रोशाच्या रुमालाखाली जपून ठेवलेला आहे.

नवा घ्या म्हणणे सोपे आहे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती, पुढच्याच वर्षी ती ५४,९९० झाली. त्याचा एकेक नवा गेमही तेव्हा ४,९९९ रुपयांपर्यंत जात असे. ज्या घरात वर्षाला एकदा, वाढदिवसाला किंवा दिवाळीला, हजार-दीड हजार रुपये या कामासाठी बाजूला निघतात, त्या घरासाठी हा विचारच नाही. अशा घरात एक चुकीची खरेदी झाली तर पुढची संधी वर्षाने येते. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

पहिली गोष्ट, डब्यावरच्या किमतीपेक्षा महत्त्वाची : डिस्क कन्सोलमध्ये घातल्यावर, घरात इंटरनेट नसतानाही, गेम पूर्ण खेळता येतो का?

आपल्याच एका सभासदांच्या मुलाची गोष्ट सांगतो. त्याने साठवलेल्या पैशांतून एका दुकानातून प्लेस्टेशन ४ साठी 'द क्रू' हा मोटारींचा गेम घेतला. डबा नव्यासारखा, डिस्कवर ओरखडा नाही, भाव अगदी कमी. घरी आणून डिस्क घातली, तर गेम सर्व्हरशी जोडणी शोधत बसला आणि शेवटपर्यंत सुरूच झाला नाही. दुकानदाराने परत घेतला नाही. मुलाला वाटले कन्सोल बिघडला, वडिलांना वाटले घरचे वाय-फाय बिघडले. बिघडले काहीच नव्हते. युबिसॉफ्ट कंपनीचा हा २०१४ चा गेम एकट्याने खेळायलाही सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे, आणि ते सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले. त्या दिवसापासून जगातली त्याची प्रत्येक डिस्क कपाखाली ठेवण्याच्या लायकीची झाली. याच प्रकरणातून युरोप-अमेरिकेतल्या खेळाडूंनी 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी केली. विकलेली वस्तू कंपनीने मागाहून निकामी करू नये, एवढीच त्यांची मागणी आहे. आम्हाला ती रास्त वाटते. पण मोहीम यशस्वी होईपर्यंत पैसे आपल्याच खिशातून जाणार आहेत.

अशा डिस्का आजही जुन्या मालात फिरत असतात, आणि स्वस्त असतात त्या याच कारणाने. 'ओव्हरवॉच'चा पहिला भागही तसाच, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला. घेण्याआधी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. इंटरनेट आवश्यक असल्याची सूचना तिथे असते. 'दोघांसाठी ऑनलाइन' किंवा 'ऑनलाइन सोयी' एवढेच लिहिले असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ बहुधा एवढाच की दूरच्या माणसांबरोबर खेळायचा भाग आता चालणार नाही, घरच्या घरी खेळायचा भाग शाबूत आहे. 'ड्राइव्हक्लब' हे चांगले उदाहरण. त्याचे सर्व्हर मार्च २०२० मध्ये बंद झाले, तरी एकट्याने शर्यती खेळता येतात, आणि त्यातले काही रस्ते भारतातले आहेत. प्लेस्टेशन ३ च्या 'लिटलबिगप्लॅनेट'चे सर्व्हर २०२१ मध्ये गेले, पण डिस्कवरचे मूळ खेळ अजून तितकेच गोड आहेत.

नियमच सांगायचा तर, कन्सोल जितका जुना तितकी ही भीती कमी. प्लेस्टेशन २ च्या डिस्कमध्ये जे काही आहे ते सगळे डिस्कमध्येच आहे.

दुसरी अडचण आपल्यासारख्या, परदेशी नातलग असलेल्या समाजात फार येते. अमेरिकेतला मामा येताना प्रेमाने दोन डिस्का आणतो आणि त्या इथे चालत नाहीत. प्लेस्टेशन २ आणि त्याआधीचा पहिला प्लेस्टेशन हे विभागांना बांधलेले आहेत. भारतात अधिकृतपणे विकलेला प्लेस्टेशन २ युरोपच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या विभागातला असतो, अमेरिकेची डिस्क तो स्वीकारत नाही. प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या गेमना मात्र ही आडकाठी जवळजवळ नाही, मामाला त्यांची यादी निःशंकपणे पाठवा. एक्सबॉक्स ३६० चे प्रत्येक गेमगणिक वेगळे आहे, तिथे न मागवलेलेच बरे.

आता डिस्क तपासणे. इथे थोडा वेळ द्यावा, दुकानदार कितीही घाई करो. प्लेस्टेशन २ च्या ऐन बहरात आपल्याकडे नकली डिस्कांचाच सुकाळ होता. अनेक घरांतल्या मशीनमध्ये त्यासाठी चिपसुद्धा बसवून घेतलेली असे. त्या घरी भरलेल्या डिस्का आता वीस वर्षांनी एकेक करून मान टाकत आहेत, म्हणून फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. ओळखायच्या कशा? भरलेल्या डिस्कच्या खालच्या बाजूला जांभळट किंवा हिरवट झाक असते, अस्सल डीव्हीडी स्वच्छ चंदेरी असते आणि तिच्या आतल्या कड्याजवळ क्रमांक कोरलेला असतो. पण एक लक्षात ठेवा. प्लेस्टेशन २ चे सुरुवातीचे काही गेम सीडीवर आले होते आणि त्या सीडींची खालची बाजू मुद्दाम गडद निळी ठेवलेली होती. पहिल्या प्लेस्टेशनची तर काळीच असे. निळी दिसली म्हणून चांगली अस्सल डिस्क नकली समजून परत ठेवणारे आम्ही पाहिले आहेत.

ओरखड्यांचे गणित डिस्कच्या जातीवर अवलंबून असते. सीडीत माहितीचा थर वरच्या, चित्राच्या बाजूला अगदी लागून असतो. म्हणून खालून चकचकीत असली तरी चित्रावर खोल चरा असेल तर ती गेली. दिव्यासमोर धरा, टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर सोडून द्या. डीव्हीडीत हा थर मधोमध, खालून सुमारे ०.६ मिलिमीटर आत असतो. वरवरचे ओरखडे घासून घालवता येतात आणि अनेकदा डिस्क पुन्हा चालू लागते. प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या ब्लू-रे डिस्कमध्ये मात्र तो थर खालून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. त्यावर कडक लेप असल्याने ती सहसा खरचटत नाही, पण खरचटली तर घासून दुरुस्त होत नाही. कोणी 'पॉलिश करून देतो' म्हणाला तर नमस्कार करून निघावे. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कवर गोल, पूर्ण वर्तुळासारखी खाच दिसली तर समजावे की डिस्क फिरत असताना कोणीतरी मशीन हलवले आहे. ती खाच पुसली जात नाही.

भावाचे आमचे माप साधे आहे. जुन्या कन्सोलच्या वापरलेल्या डिस्कला घरातल्या चौघांच्या सिनेमाच्या तिकिटांपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. 'दुर्मिळ आहे' हे वाक्य ऐकले की खरेदी थांबवावी. दुर्मिळ गेम संग्राहकासाठी असतो, नातवासाठी नसतो. उलट जे गेम लाखांनी खपले तेच जुन्या बाजारात ढिगाने येतात, स्वस्त होतात, आणि लाखांनी खपण्यामागे बहुधा काही कारणही असते. कंपन्या स्वतःच असे गेम काही काळाने कमी किमतीत पुन्हा काढत. प्लेस्टेशन २ आणि ३ च्या काळात त्यांच्यावर 'प्लॅटिनम' असे लिहिलेले असे, प्लेस्टेशन ४ साठी २०१८ पासून लाल डब्यातली 'प्लेस्टेशन हिट्स' मालिका आली. डब्याचा रंग दिसायला साधा, आतला गेम तोच. हे डबे पुढे ठेवूनच निवड सुरू करा.

त्याहून फायद्याचे म्हणजे एकात अनेक. 'अनचार्टेड : द नेथन ड्रेक कलेक्शन' या प्लेस्टेशन ४ च्या डिस्कमध्ये आधीच्या यंत्रावरचे तीन पूर्ण गेम आहेत. 'इको' आणि 'शॅडो ऑफ द कलॉसस' हे जपानी गेम प्लेस्टेशन २ वर वेगवेगळे शोधत बसाल तर दमाल. प्लेस्टेशन ३ साठी २०११ मध्ये दोन्ही सुधारून एकाच डिस्कवर आले. एक्सबॉक्स ३६० वरच्या 'द ऑरेंज बॉक्स'मध्ये पाच गेम आहेत आणि त्यातला 'पोर्टल' हा कोड्यांचा छोटा गेम एकट्यानेच पूर्ण किंमत वसूल करून देतो. मात्र जिथे जादा भाग डिस्कवर नसून डब्यातल्या चिठ्ठीवरच्या सांकेतिक क्रमांकाने मिळणार असतो, तिथे तो क्रमांक पहिल्या मालकाने वापरलेला आहे असेच धरून भाव करावा.

खेळांचे, म्हणजे फुटबॉल-क्रिकेटचे, गेम दरवर्षी नवे निघतात आणि म्हणून जुने सर्वांत झपाट्याने उतरतात. संघात जुनी नावे असणे एवढाच तोटा. चेंडू तसाच उडतो. आपल्या घरांत मागणी अर्थात क्रिकेटची. प्लेस्टेशन २ वर 'क्रिकेट ०७', जो २००६ च्या शेवटी आला, तो आजही बसल्या बैठकीला वीस षटके खेळायला उत्तम आहे. परवाने फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे असल्याने आपल्या खेळाडूंची नावे त्यात वेडीवाकडी केलेली आहेत, पण कोण कोण आहे हे ओळखण्यातच पहिली संध्याकाळ मजेत जाते. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' घ्यावा. तो अवघड आहे, लहान मूल पहिल्या दिवशी रडकुंडीला येईल, पण फलंदाजीचा संयम काय असतो हे त्यात कळते.

एकत्र खेळायचे असेल तर आमची पहिली शिफारस 'लेगो' मालिकेची. तीत दोघे एकाच पडद्यावर खेळतात, आजोबांना चहासाठी उठायचे झाले तर ते मध्येच बाहेर पडू शकतात आणि परत येऊन सामीलही होऊ शकतात. हरणे असे जवळजवळ नाहीच. त्यानंतर 'रेमन लेजंड्स', जो प्लेस्टेशन ३, ४ आणि दोन्ही एक्सबॉक्सवर मिळतो आणि चौघांना एकदम खेळवतो. आणि प्लेस्टेशन २ असेल तर एक गंमत जरूर शोधा : २००७ चा 'सिंगस्टार बॉलिवूड'. दोन माईक लावून हिंदी गाणी म्हणायची आणि सुरात किती होता त्याचे गुण मशीन देते. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात हे धाडसच आहे, कारण यंत्राला गाण्याची मूळ चालच फक्त ठाऊक. मध्येच हौसेने तान घेणाऱ्याचे गुण कापले जातात आणि सरळसोट म्हणणारा नातू जिंकतो. माईक नसतील तर मात्र ती डिस्क घेऊ नका.

आपल्या मातीतले काही मिळते का, हेही विचारले जाते. प्लेस्टेशन २ च्या उतरत्या काळात सोनीने भारतीय कंपन्यांकडून काही गेम करवून घेतले. हैदराबादच्या ऑरोनाचा 'हनुमान : बॉय वॉरियर' २००९ चा. कौतुक म्हणून घरात ठेवावा असा, खेळायला मात्र पातळ. हैदराबादच्याच गेमशास्त्रचा 'देसी अड्डा' त्यापेक्षा रंजक, कारण त्यात कबड्डी, विटीदांडू आणि पतंगांची काटाकाटी आहे. अलीकडचा आणि खरोखर देखणा हवा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा २०२० मध्ये आलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' पाहा. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून उलगडते. तो प्लेस्टेशन ४ वरही चालतो.

परदेशी गेममध्येही आपण अधूनमधून भेटतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' (२००३) सुरू होतो तोच एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने, आणि पुढे सारा खेळ त्या महाराजाच्या मुलीला बरोबर घेऊन चालतो. प्लेस्टेशन २ वरच्या आमच्या आवडीच्या पहिल्या तिघांत तो आहे. २०१७ चा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' तर पश्चिम घाटात घडतो. होयसळांच्या पडक्या नगरांतून गणपतीचा तुटलेला दात शोधत फिरायचे, वाटेत परशुरामाने तो दात कसा तोडला ती कथाही येते. गणेशोत्सवाच्या दिवसांत थोरल्या मुलांबरोबर खेळायला याहून चांगला गेम आम्हाला सुचत नाही. थोरल्या म्हणतो कारण गोळीबार भरपूर आहे. डब्यावरचा वयाचा आकडा, ३, ७, १२, १६ किंवा १८, हा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही, त्यात काय दाखवले आहे ते सांगतो. आजी-आजोबांनी खरेदीला जाताना एवढे तरी पाहावेच. १८ लिहिलेला गेम दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी घेऊ नये.

विकत घेतल्यावरच्या दोन कटकटी आधीच सांगून ठेवतो. हिवाळ्यात मेळा भरतो, १९०५ पासून भरतोच आहे, आणि मेळ्यातून नवा टीव्ही घरी आला की प्लेस्टेशन २ च्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींना मागे जागाच सापडत नाही. कन्सोल टाकून देऊ नका. त्या वायरींचे एचडीएमआय करून देणारा छोटा जोड मिळतो. जुना काचेचा टीव्ही अजून शाबूत असेल तर तोच ठेवावा, या गेमची चित्रे त्याच्यासाठीच काढलेली होती. नव्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत उशीर जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू केला की तो बराच कमी होतो.

दुसरे, प्लेस्टेशन २ ला खेळाची प्रगती जपायला वेगळे मेमरी कार्ड लागते. ८ एमबीचे अस्सल सोनीचे वापरलेले कार्ड घ्या, पण 'भरपूर जागा' छापलेले बेनामी नवे कार्ड घेऊ नका. त्यातले साठवलेले खेळ उडतात आणि मूल तीन आठवड्यांच्या मेहनतीला मुकते. शिवाय यंत्राची लेन्स थकली असेल तर 'गॉड ऑफ वॉर' किंवा 'ग्रान टुरिस्मो ४' यांसारख्या दुहेरी थराच्या डिस्का ती आधी नाकारू लागते. म्हणून डिस्कला दोष देण्याआधी दुसऱ्याच्या मशीनवर घालून पाहा.

डिस्क सोडून कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचे की नाही? प्लेस्टेशन ४ वर सवलतीच्या दिवसांत चांगले गेम फार स्वस्त मिळतात, तिथे घ्यावेत, मात्र ते पुन्हा विकता किंवा कोणाला देता येत नाहीत हे धरून. त्याहून जुन्या यंत्रांवर त्या वाटेला जाऊ नये असे आमचे मत आहे. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याची घोषणा सोनीने २०२१ मध्ये केली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली, पण त्याच वर्षीपासून तिथे थेट कार्डाने पैसे भरता येत नाहीत.

शेवटी एक सोय. मंडळात ज्यांच्याकडे खेळून झालेल्या डिस्का पडून आहेत त्यांनी गणेशोत्सवाच्या दिवसांत त्या घेऊन याव्यात, आपसात अदलाबदल करता येईल आणि घेण्याआधी तिथेच चालवून पाहता येतील. प्लेस्टेशन २, ३ आणि ४ ची व्यवस्था होईल. एक्सबॉक्स ३६० कोणी आणू शकत असेल तर आधी कळवावे. डिस्क ओळखू यावी म्हणून आपले नाव डब्यावर लिहा, डिस्कवर नको. निळ्या आणि काळ्या सीडींवर तर बॉलपेन मुळीच टेकवू नका, माहितीचा थर नेमका त्या चित्राखालीच असतो.